वखारींच्या गावात विस्मरणाचा विचार



निपाणीतल्या तंबाखूच्या वखारींवर आणि घरोघरी वळल्या जाणाऱ्या विड्यांवर या भागाच्या कित्येक चुली पेटल्या. 1980 साली इथल्या तंबाखू कामगार बायकांनी संप केला, 1981 साली शेतकऱ्यांनी भावासाठी महामार्ग अडवला. तेव्हा ऐन विशी-तिशीत असलेल्या त्या बायका आज पासष्टी-सत्तरीत आहेत. त्यांचा दमा, त्यांचे सांधे आपल्या डॉक्टरांच्या केसपेपरवर येतात. त्यांचं विसरणं येत नाही. ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणून घरचे मोकळे होतात आणि आपणही होतो. माझी हरकत या मोकळं होण्याला आहे. म्हातारपणी बुद्धी मंदावते त्यातला काही भाग तरी पेशींच्या उपासमारीचा आहे, त्या उपासमारीमागे दीर्घकाळ धुमसणारा दाह आहे, आणि त्यातला बराचसा दाह टाळता येण्यासारखा आहे.

मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम 2 टक्के, पण विश्रांतीतही शरीराची सुमारे 20 टक्के ऊर्जा तो एकटा वापरतो. पुरवठ्यात तूट पडली तर तिचा फटका स्मृतीलाही बसतो. वय वाढतं तसा रक्तात दाहाचा मंद, कायमचा सूर लागतो, हे इटलीच्या क्लाउडिओ फ्रान्सेस्की यांनी 2000 साली मांडलं. हा सूर ऊर्जेपर्यंत कसा पोचतो, याचा एक धागा 2021 मध्ये स्टॅनफर्डच्या कॅट्रिन अँड्रिअसन यांच्या गटाने उलगडला. वयस्क शरीरातल्या रोगप्रतिकारक पेशींवर प्रोस्टाग्लँडिन ई-2 या दाहाचा संदेश नेणाऱ्या रेणूचा मारा वाढतो. मग त्या पेशी ग्लुकोज जाळण्याऐवजी ग्लायकोजेन करून साठवून ठेवतात. घरात धान्याची पोती भरलेली आणि चूल मात्र विझलेली, अशी ही अवस्था. अशा पेशी राखणदारी सोडून दाहच वाढवत बसतात. म्हाताऱ्या उंदरांमध्ये हा संदेश रोखला तेव्हा पेशींची ऊर्जा परतली आणि स्मृतीही सुधारली. मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते पुढचं: मेंदूत न शिरणारं औषध देऊनही सुधारणा दिसली. म्हणजे मेंदूबाहेरच्या शरीरात जे चालतं त्याचा हिशेब मेंदूला चुकवावा लागतो.

यावर आक्षेप घेतला जाईल, आणि तो रास्त आहे, की उंदीर म्हणजे माणूस नव्हे. त्याहून कठीण आक्षेप औषधांचा. दाह हेच कारण असेल, तर दाहशामक गोळ्यांनी अल्झायमर टळायला हवा होता. अमेरिकेत सत्तरी गाठलेल्या माणसांवर नॅप्रोक्सेन आणि सेलेकॉक्सिबची चाचणी झाली. 2004 मध्ये ती थांबवावी लागली आणि संरक्षण काही दिसलं नाही. या निकालावरून मी वेगळा अर्थ काढतो. या गोळ्या दाहाचे उपकारक आणि अपायकारक मार्ग एकाच वेळी बंद करतात, शिवाय त्या सुरू झाल्या सत्तरीनंतर. दशकानुदशकांच्या धुमसण्यावर उशिरा ओतलेल्या पाण्याने काय होणार? म्हणून पेशंटने स्मृतीसाठी वेदनाशामक गोळी मागितली तर स्पष्ट नाही म्हणा. मूत्रपिंड आणि जठर यांची किंमत त्यात मोजावी लागते.

तिसरा आक्षेप असा की दोष दाहाचा नसून दारिद्र्याचा आणि निरक्षरतेचा आहे. भारतातल्या साठीपुढच्या लोकांत डिमेन्शियाचं प्रमाण 7.4 टक्के आहे, सुमारे 88 लाख माणसं. आणि ते पुरुषांपेक्षा स्त्रियांत, शहरांपेक्षा खेड्यांत जास्त आहे. शाळा न मिळाल्याचा वाटा यात मोठा आहे, हे मी मान्य करतो. पण जिला शाळा मिळाली नाही, तिलाच चुलीचा धूर, तंबाखूची धूळ, मिश्री लावून सुजलेल्या हिरड्या आणि न तपासलेली साखर मिळाली. गरिबी शरीरात शिरते ती याच वाटांनी. लॅन्सेट आयोगाने 2024 मध्ये डिमेन्शियाचे बदलता येण्याजोगे 14 घटक मोजले. धूम्रपान, दूषित हवा, मधुमेह आणि रक्तदाब त्यात आहेत, अपुरं शिक्षणही आहे. हे सारे घटक आटोक्यात आले तर जवळपास 45 टक्के डिमेन्शिया टळू किंवा लांबू शकतो, असा आयोगाचा अंदाज आहे.

तेव्हा बेळगाव-निपाणीच्या दवाखान्यांत चाळिशीतल्या विडी कामगार बाईची साखर, रक्तदाब आणि हिरड्या तपासणं हे मेंदूचंच काम समजलं जावं. साठीनंतर स्मृतीची चाचणी व्हावी, तीही लिहिता-वाचता न येणाऱ्यांना देता येईल अशी. बल्लभगडच्या खेड्यांसाठी हिंदीत अशी चाचणी 1990 च्या दशकातच बसवली गेली. इथे ती मराठी आणि कन्नड, दोन्ही भाषांत हवी, कारण इथल्या एकाच घरात सासू एका भाषेत आठवते आणि सून दुसऱ्या. या चाचणीच्या मसुद्यासाठी दोन्ही भाषांतल्या डॉक्टरांची एक समिती आपल्या या संमेलनातच नेमावी, असा माझा प्रस्ताव आहे.