आयर्लंडचा एक बँक-कारकून

श्रोतेहो, शिरूर म्हणजे आपली घोडनदी. तिथल्या जुन्या लष्करी छावणीच्या आवारात कर्नल वॉलेस नावाच्या साहेबाची समाधी आहे. 1809 साली तो वारला. आसपासच्या गावकऱ्यांनी त्याला सत्पुरुष ठरवले आणि सुगीच्या दिवसांत त्याला नैवेद्य दाखवू लागले. परका शिपाईगडी लक्षात ठेवायला आपल्या लोकांना कधी संकोच वाटला नाही. तेव्हा आज अशाच एका परक्याची हकिगत सांगतो. हा मात्र कर्नल नव्हता, बँकेतला कारकून होता.

एडमंड डी विंड हे त्याचे नाव. जन्म 11 डिसेंबर 1883, उत्तर आयर्लंडातल्या डाऊन परगण्यात, कंबर या गावी. (नाव असेच उच्चारतात, आपल्या कमरेशी त्याचा काही संबंध नाही!) शिक्षण बेलफास्टच्या कँबेल कॉलेजात, मग बँक ऑफ आयर्लंडमध्ये नोकरी. 1911 च्या सुमारास तो कॅनडात गेला आणि तिथेही बँकच. एडमंटन शहरी कॅनेडियन बँक ऑफ कॉमर्समध्ये पुन्हा तीच खुर्ची नि तीच खातेवही. कारकुनाचा दिवस कसा असतो, हे दौंडच्या मालधक्क्यावरच्या बाबूंना किंवा शिरूरच्या पेढीवरच्या दिवाणजींना मी काय सांगावे! संध्याकाळी मेळ जुळल्याशिवाय उठायचे नाही.

1914 च्या ऑगस्टात महायुद्ध पेटले. नोव्हेंबरात डी विंड साधा शिपाई म्हणून कॅनडाच्या 31 व्या पलटणीत भरती झाला. वय जवळजवळ एकतीस. शिकलेला माणूस, पण हुद्दा मागितला नाही. फ्रान्स-बेल्जममधल्या खंदकांत दोन-तीन वर्षे चिखल तुडवल्यावर 1917 साली तो रॉयल आयरिश रायफल्समध्ये सेकंड लेफ्टनंट झाला.

21 मार्च 1918. पहाटेच जर्मन तोफांचा भडिमार सुरू झाला, वर दाट धुके. सेंट क्वेंटिनजवळ ग्रूजी गावाशी 'रेसकोर्स' नावाचा एक मोर्चा होता. डी विंडने तो सात तास धरून ठेवला. दोनदा जखमी झाला. जवळजवळ एकटाच उरला होता, तरी दुसरी तुकडी मदतीला येईपर्यंत हलला नाही. दोन वेळा तर केवळ दोघा हवालदार-नाईकांना घेऊन गोळीबारात खंदकाबाहेर चढला आणि शत्रूला हुसकून आला. शेवटी प्राणघातक जखम होऊन कोसळला. वय चौतीस. कारकून म्हणजे भित्रा, असे आपल्याकडे थट्टेने म्हणतात. त्या दिवशीचे ते सात तास मला तरी कारकुनी स्वभावाचेच वाटतात: हातातले काम पुरे होईपर्यंत जागा सोडायची नाही.

मे 1919 मध्ये त्याला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस जाहीर झाला. त्याची कबर सापडली नाही. पोझिएरच्या स्मारकावर नाव आहे. कॅनडात एका डोंगराला त्याचे नाव दिले आहे. कंबरमध्ये त्याच्या स्मरणार्थ एक जर्मन तोफ ठेवली आहे. त्याच गावच्या चौकात एका उंच खांबावर जनरल गिलेस्पीचा पुतळा उभा आहे. हा गिलेस्पी 1814 साली आपल्या डेहराडूनजवळ, गुरख्यांच्या किल्ल्यापुढे पडला.

याच महायुद्धात आपलीही माणसे होती. पुणे डिव्हिजन मेसोपोटेमियात लढली. तिच्यात 103, 110 आणि 117 क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. कूत-अल-अमाराच्या वेढ्यात त्यांनी उपासमार सोसली, आणि 29 एप्रिल 1916 रोजी शरणागती झाल्यावर कैद पत्करावी लागली. साम्राज्य परक्याचे, लढाई परक्याची, पण हाल आपल्या माणसांचे. महाराष्ट्रातल्या काही गावांत त्या युद्धाच्या दगडी पाट्या अजून दिसतात. गावातून इतके गेले, त्यांपैकी इतके कामी आले, एवढाच मजकूर. बेरीज आहे, पण कीर्दीत एकेक नाव नाही. हा हिशेब कोणत्याही कारकुनाने नापास केला असता.

श्रोतेहो, तुमच्या घरात पणजोबांचे एखादे पदक देवघरात किंवा जुन्या ट्रंकेत पडले असेल, तर ते उजेडात न्या आणि कड पाहा. त्या महायुद्धातल्या पदकांच्या कडेवर शिपायाचा नंबर, नाव आणि पलटण बारीक इंग्रजी अक्षरांत उमटवलेली असते. अक्षरे झिजली असली तरी भिंग धरून वाचता येतील. वाचाल तेव्हा गावच्या शाळेत कुणाकडून तरी लिहवून ठेवा.