‘धीर धरा’ कुणाला सांगायचं?

आज याकोबाच्या पत्राचा पाचवा अध्याय घेऊ. सातव्या वचनात याकोब धीर शिकायला शेतकऱ्याकडे बोट दाखवतो. पहिल्या आणि शेवटच्या पावसाची वाट बघणारा शेतकरी. त्या देशात पहिला पाऊस ऑक्टोबर-नोव्हेंबरात येतो, त्यावर पेरणी. शेवटचा मार्च-एप्रिलच्या सुमारास, त्यावर दाणा भरतो. आपल्याकडे जून-जुलैत पेरा आणि ऑक्टोबरात सोयाबीनची काढणी. महिने वेगळे, आभाळाकडे बघणं तेच.

पण आपल्या धाराशिव जिल्ह्यात हे वचन आता सहज वाचता येत नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये भूम-परंड्याकडे जो पाऊस झाला, त्यानं काढणीला आलेलं पीक नेलं. कितीतरी ठिकाणी जमीनच खरडून गेली. माती नाही तर पेरायचं कशात? त्या माणसानं वाट बघितलीच होती की. मग त्याला आपण हे वचन वाचून दाखवायचं का?

माझं मत, नाही. निदान पहिल्या दिवशी तरी नाही.

कारण याकोब स्वतः तिथून सुरुवात करत नाही. त्याच अध्यायाचं चौथं वचन बघा. कापणी करणाऱ्यांची मजुरी दाबून ठेवणाऱ्या श्रीमंतांना तो आधी खडसावतो, आणि मग गरिबांना धीराचं सांगतो. हा क्रम आपण प्रवचनात हमखास विसरतो. पंचनाम्यासाठी तलाठ्याकडे हेलपाटे घालणाऱ्याला ‘देवावर भरवसा ठेवा, कागदांच्या मागे काय लागलात’ असं म्हणणारे लोक आहेत. हेलपाटे घालणं म्हणजे अविश्वास, हे याकोबाच्या पत्रात कुठंच नाही.

पुढं अकराव्या वचनात ईयोबाचं नाव येतं. धीराचा नमुना म्हणून. आता ईयोब गप्प बसला होता का? तिसऱ्या अध्यायात तो स्वतःच्या जन्मदिवसाला शाप देतो. देवाशी भांडतो, जाब विचारतो. त्याचे मित्र सात दिवस त्याच्याजवळ जमिनीवर मुकाट बसले, तोवर चांगले होते. तोंड उघडलं आणि बिघडलं! शेवटी देव ईयोबाला नाही, मित्रांना रागावतो.

इथे मूळ ग्रीकमध्ये शब्द आहे हुपोमोने. हुपो म्हणजे खाली, आणि दुसरा भाग ‘राहणे’ या क्रियापदातून आलेला. ओझ्याखाली टिकून राहणं. हसत राहणं असा अर्थ त्यात नाही.

आमच्या सॉफ्टवेअरच्या कामात दर दोन आठवड्यांनी काहीतरी चालतं करून दाखवावं लागतं. प्रार्थनेकडेही मी त्याच हिशेबानं बघायला लागतो, म्हणून मला पंडिता रमाबाई परत परत वाचाव्या लागतात. आई, वडील, बहीण दुष्काळाच्या दिवसांत गेले. लग्नाला दोन वर्षं व्हायच्या आत नवरा गेला. ऐकू कमी येऊ लागलं. पण भूक काय असते हे त्या विसरल्या नाहीत. मध्य प्रांतात दुष्काळ पडला तेव्हा, १८९७ च्या सुमारास, तिथे जाऊन त्यांनी शेकडो मुली-बायका केडगावला आणल्या. आध्यात्मिक वाढ म्हणतात ती मला इथे दिसते. स्वतःचं दुःख दुसऱ्याच्या कामी आलं.

त्यानंतर त्यांनी बायबलचं भाषांतर हाती घेतलं. साध्या, खेड्यातल्या बाईला कळेल अशा मराठीत. त्यासाठी हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. मुक्ती मिशनच्या छापखान्यात तिथल्याच स्त्रिया खिळे जुळवायच्या. पंधरा वर्षांहून जास्त काळ हे चाललं, तेही एवढा मोठा आश्रम सांभाळून. १९२१ च्या जुलैत एकुलती एक मुलगी, मनोरमा, वारली. काम थांबलं नाही. ५ एप्रिल १९२२ ला रमाबाई गेल्या, तेव्हा भाषांतर पूर्ण झालेलं होतं. त्या दुःखाच्या महिन्यांत त्यांना कुणी धीराची वचनं ऐकवली का, ठाऊक नाही. मुद्रितं तपासायला मात्र शेजारी माणसं होती.

तर या आठवड्यात खरडलेल्या रानात गाळ काढायला, दगड वेचायला कुणी जाणार असाल तर मंडळीच्या ग्रुपवर कळवा, मीही येतो. पुढच्या भागात ईयोबाचा तिसरा अध्याय सावकाश वाचू.