पायरीवरची माणसं



सुरुवातीलाच एक विचारतो. कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर, पायरीवर उभं राहून मॅच बघितलेले किती जण इथे आहेत? बरेच हात वर आले. आता दुसरं विचारतो. तिथे तुम्ही काय बघितलं, काय ऐकलं, शेजारी कोण होतं, हे आजवर तुमच्याकडून कोणी लिहून घेतलं आहे का? एकही हात वर नाही. मला आज याच गोष्टीबद्दल बोलायचं आहे.

कोल्हापूरचा फुटबॉल तालमींचा आहे, हे आपल्याला वेगळं सांगायला नको. पाटाकडील, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब ही नावं आपल्या सीमाभागातल्या पोरांनाही तोंडपाठ असतात. कुस्तीसाठी उभ्या राहिलेल्या तालमींनी आणि पेठेच्या मंडळांनी फुटबॉल आपलासा केला. राजाराम महाराजांच्या काळात, 1940 साली, कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन स्थापन झाली. लोक तिला केएसए म्हणतात. तेव्हापासून संघ म्हणजे पेठ आणि पेठ म्हणजे संघ असं समीकरण पक्कं झालं. पेठेत जन्मलेल्या पोराला संघ निवडावा लागत नाही, तो त्याला बारशालाच मिळतो.

पण निपाणीच्या, संकेश्वरच्या, बेळगावच्या माणसाला पेठ कुठली? इथेच आपली गोष्ट वेगळी होते. आपल्याकडे संघ आला तो आजोळाकडून. कुणाची आई शिवाजी पेठेतली, कुणाची आत्या मंगळवार पेठेत दिलेली, कुणाचा मामा तालमीच्या कट्ट्यावर बसणारा. सुट्टीत आजोळी गेलेलं पोर मामाचं बोट धरून स्टेडियमवर जायचं आणि परत येताना मामाच्या पेठेचं होऊन यायचं. माझंही तसंच झालं. 1 नोव्हेंबर 1956 ला निपाणी आणि बेळगाव म्हैसूर राज्यात गेले. कचेरीची भाषा बदलली, एसटीचा रंग बदलला. आजोळ मात्र हललं नाही आणि मामाचा संघही हलला नाही. बेळगावहून निघायचं, हत्तरगी, संकेश्वर मागे टाकून तवंदीचा घाट उतरायचा, निपाणीत आणखी चार ओळखीचे चेहरे गाडीत चढायचे आणि कोगनोळी ओलांडली की बोलणं फक्त मॅचचं. सीमाभागाबद्दल आपण भाषणं खूप केली आहेत, ठरावही खूप केले आहेत. पण मामाच्या संघासाठी हा रस्ता वर्षानुवर्षं तुडवणाऱ्या माणसांची नोंद त्या कुठल्याही ठरावात नाही, आणि माझ्या मते सीमाभाग समजून घ्यायला ती नोंद फार मोलाची आहे.

त्या पायऱ्यांबद्दल थोडं सविस्तर बोलतो. शाहू स्टेडियम बाहेरून बघितलं तर दुकानगाळे दिसतात. आत गेलं की मैदानाला वेढून पायऱ्या. हंगाम थंडीत सुरू होतो आणि उन्हाळ्यापर्यंत लांबतो. भर उन्हात तापलेल्या पायरीवर वर्तमानपत्र टाकून बसावं लागतं. पण बसणं नावापुरतंच. चेंडू मधली रेषा ओलांडून समोरच्या गोलकडे निघाला की पुढची ओळ उठते, म्हणून मागची उठते, आणि बघता बघता सगळी बाजू उभी. हलगीचा ठेका बदलतो. शेंगदाणेवाला आपली पाटी डोक्यावर घेऊन होता तिथेच थबकतो, कारण त्यालाही बघायचं असतं. गोल झाला तर कोण कुणाच्या गळ्यात पडेल याचा नेम नाही. ज्याचं नाव ठाऊक नाही, गाव ठाऊक नाही, त्याच्या घामाचा वास आपल्या शर्टाला लागून घरी येतो. पायरीवरच्या जुन्या माणसांशी बोला. गोल कोणी मारला यात त्यांची चूक होईल, साल तर हमखास चुकेल. पण शेजारी कोण उभं होतं हे ते चुकणार नाहीत.

ही गर्दी फुटबॉलने घडवली असं कोणी समजू नये. शेजारीच खासबागचं मैदान आहे. शाहू महाराज 1902 साली युरोपात गेले होते. तिथे रोमचं प्राचीन क्रीडागार त्यांनी बघितलं आणि कुस्तीसाठी असं मैदान आपल्याकडे हवं हे त्यांच्या मनाने घेतलं. 1912 साली खासबाग खुलं झालं. मध्ये हौदा आणि सभोवती चढत गेलेला मातीचा उतार. कुठेही बसा, पुढच्याचं डोकं आड येत नाही. पैलवान चितपट झाला की तो सगळा उतार एकदम उभा राहायचा. आपल्या भागातली माणसं बैलगाडीने तिथे कुस्त्या बघायला जात. फुटबॉलच्या पायरीवर उभं राहायला नातू शिकला तो आजोबांकडून, आणि आजोबा शिकले खासबागेत. 8 ऑगस्ट 2024 ला केशवराव भोसले नाट्यगृह जळालं तेव्हा त्याला लागून असलेल्या खासबागच्या व्यासपीठालाही झळ बसली. ती बातमी ऐकून निपाणीत, गडहिंग्लजमध्ये म्हातारी माणसं हळहळली.

बघणाऱ्यांच्या आठवणी जपण्याच्या बाबतीत कोलकात्याने आपल्यापेक्षा शहाणपण दाखवलं. 29 जुलै 1911 ला मोहन बागानने आयएफए शील्डच्या अंतिम सामन्यात ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला 2-1 ने हरवलं. मैदानावर इतकी माणसं लोटली होती की बहुतेकांना चेंडू दिसतच नव्हता. गोल कोणाचा झाला हे लांबच्यांना कळावं म्हणून पतंग उडवले गेले. लोक खोक्यांवर उभे राहिले, झाडांवर चढले. हे सगळं आज आपल्याला माहीत आहे, कारण बंगाल्यांनी बघणाऱ्यांच्या आठवणी खेळाडूंच्या पराक्रमाइतक्याच जपल्या. आणि दुःखही जपलं. 16 ऑगस्ट 1980 ला ईडन गार्डन्सवर मोहन बागान आणि ईस्ट बंगालच्या सामन्यात प्रेक्षकांत हाणामारी झाली, चेंगराचेंगरी झाली आणि 16 जण गेले. मॅच बघायला घरून निघालेले ते साधे शौकीन होते. तिथे दरवर्षी त्या दिवशी त्यांच्या स्मरणार्थ रक्तदान करतात.

आता इंग्लंडकडे वळतो, कारण पायरीवरच्या आठवणीची किंमत काय असते हे मला तिथल्या एका घटनेने शिकवलं. लिव्हरपूलच्या ॲनफिल्ड मैदानाच्या एका टोकाला 1906 साली उभं राहून बघणाऱ्यांसाठी मोठा चढ बांधला. त्याला नाव पडलं स्पायन कॉप. हे दक्षिण आफ्रिकेतल्या एका टेकडीचं नाव. जानेवारी 1900 मध्ये बोअर युद्धात तिथे लिव्हरपूलकडची बरीच पोरं मेली. त्याच टेकडीवरून जखमींना डोलीत घालून खाली आणणाऱ्या हिंदी पथकात मोहनदास गांधी होते. ॲनफिल्डच्या त्या चढावर हजारो माणसं खांद्याला खांदा लावून पिढ्यान्‌पिढ्या उभी राहिली.

15 एप्रिल 1989 ला याच लिव्हरपूलचे समर्थक शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर एफए कपची उपांत्य फेरी बघायला गेले. उभं राहण्याची जागा लोखंडी जाळ्यांनी कप्पे पाडून बंदिस्त केलेली होती. बाहेर गर्दी वाढली तेव्हा पोलिसांनी मोठं दार उघडलं आणि लोंढा आधीच भरलेल्या मधल्या कप्प्यांत शिरला. पुढे जाळी, मागे लोंढा. सामना सुरू होऊन सहा मिनिटं होताहेत तोच थांबवावा लागला. मृतांची संख्या पुढे 97 वर गेली. त्यानंतर जे झालं ते अधिक वाईट. समर्थक दारू पिऊन आले होते, त्यांनीच दार फोडलं, त्यांनी मेलेल्यांचे खिसे कापले, असं पोलिसांकडून पसरवलं गेलं आणि एका मोठ्या वर्तमानपत्राने ते पहिल्या पानावर छापलं. न्यायमूर्ती टेलर यांनी त्याच वर्षी गर्दीच्या नियंत्रणातलं पोलिसांचं अपयश हे मुख्य कारण ठरवलं, तरी तो डाग पुसला गेला नाही. पुसला कोणी? जे त्या पायऱ्यांवर उभे होते त्यांनी, आणि मेलेल्यांच्या आयाबापांनी. आम्ही तिथे होतो, आम्ही बघितलं, असं ते 27 वर्षं सांगत राहिले. 26 एप्रिल 2016 ला ज्यूरीने निकाल दिला : हे बेकायदा मृत्यू होते आणि समर्थकांचा त्यात दोष नव्हता.

टेलर यांच्या शिफारशीवरून इंग्लंडच्या मोठ्या मैदानांवर सगळीकडे खुर्च्या आल्या. 30 एप्रिल 1994 ला ॲनफिल्डचा तो चढ शेवटचा उभा राहिला. पण लोकांची उभं राहण्याची ओढ गेली नाही. जर्मनीत डॉर्टमुंडला आजही एका बाजूला 24 हजारांहून अधिक माणसं उभी राहतात, आणि 2022 पासून इंग्लंडनेही पुढे आडवे कठडे लावून काही ठिकाणी उभं राहायला परवानगी दिली. जीव घेतला तो जाळीने आणि बेफिकिरीने, उभं राहण्याने नव्हे, हे मान्य व्हायला एवढी वर्षं लागली.

आता आपल्या पायरीकडे बघा. जुनी वर्तमानपत्रं चाळली तर तिच्याबद्दल काय सापडतं? हुल्लडबाजी, दगडफेक, लाठीमार. हे घडलं नाही असं मी म्हणणार नाही. पेठापेठांची ईर्ष्या रस्त्यावर आली आहे, डोकी फुटली आहेत, सामने बंद पडले आहेत आणि त्याची लाज आपण बाळगलीच पाहिजे. पण भांडण झालं तर बातमी, आणि तीन तास हजारो माणसं उन्हात नीट उभी राहिली तर काहीच नाही, अशाने इतिहास एकडोळ्या होतो. दुसरीही एक लाजेची गोष्ट आहे. त्या पायऱ्या बराच काळ पुरुषांच्याच होत्या. माझी आई मामाच्याच पेठेत वाढली, संघातल्या खेळाडूंची नावं तिला माझ्याआधी पाठ होती, पण तिने मॅच ऐकली ती माडीवरून. आरडाओरडा कुठल्या बाजूने आला त्यावरून गोल कोणाचा हे ती ओळखायची. आज मुली मैदानावर खेळतात, पायऱ्यांवरही दिसतात, याचा मला मनापासून आनंद होतो. माडीवरून ऐकलेल्या त्या मॅचही लिहून ठेवल्या पाहिजेत.

बेळगावचं देणं वेगळंच आहे. इथे छावणी होती, मिशनची शाळा होती. सेंट पॉल्सच्या मैदानावर फादर एडी स्मृती स्पर्धेला गर्दी करणारे आजही इथे बसले असतील. तिथे पायऱ्या कसल्या. रेषेच्या बाहेर, पायाच्या बोटांवर उभं राहायचं, आणि चेंडू अंगावर आला की छातीने अडवून परत द्यायचा. गडहिंग्लजला एम. आर. हायस्कूलच्या मैदानावर दिवाळीत स्पर्धा असते, बाहेरचे संघ येतात, आणि फराळ आटोपून अख्खं गाव मैदानाच्या कडेला उभं राहतं. तिथे गोव्याचा, मिरजेचा, बेळगावचा खेळाडू चांगला खेळला तर त्याला टाळी मिळते. ईर्ष्येशिवाय उभं राहणंही आपल्याला येतं, हे त्या गावाने दाखवलं आहे.

म्हणून आज हे व्याख्यान ठेवणाऱ्या वाचनालयाला माझी विनंती आहे. मघाशी ज्यांचे हात वर आले त्यांची नावं आणि गाव जाताना दाराशी लिहून घ्यावीत. महाविद्यालयातल्या पोरांनी मोबाईल घेऊन त्यांच्या घरी जावं. गोलांबद्दल विचारू नये, ते कात्रणांत मिळतील. कुठल्या बाजूला, कितव्या पायरीवर उभे राहायचात, हे विचारावं. संघ कोणाकडून आला, सोबत कोण असायचं, डबा काय असायचा, शेवटची गाडी चुकली तर रात्र कुठे काढायचात, मारामारीत कोणी ओढून बाजूला घेतलं, हे विचारावं. हलगी वाजवणाऱ्याला विचारावं, शेंगदाणे विकणाऱ्याला विचारावं आणि घरात जी आजी असेल तिला तर आधी विचारावं. बोलणं निपाणीचं असेल तर निपाणीचं, कन्नड मिसळलेलं असेल तर तसंच, एक शब्दही शुद्ध न करता उतरवावं. पहिली मुलाखत हवी असेल तर मी तयार आहे. मामाच्या पायरीपासून सुरुवात करू.