रजोनिवृत्तीपूर्वीच जपावे अस्थिधन

गृहिणी घरातील प्रत्येकाच्या ताटाकडे लक्ष देते. स्वतःच्या ताटाकडे मात्र तिचे दुर्लक्ष होते. दूध मुलांना, दही मोठ्यांना आणि तिच्या वाट्याला चहा. या सवयीची किंमत वीस-पंचवीस वर्षांनी तिच्या हाडांना मोजावी लागते.

हाड ही निर्जीव वस्तू नव्हे. त्यात झीज आणि नवनिर्मिती अखंड चालू असते. साधारणतः तिशीपर्यंत हाडांची घनता कमाल पातळी गाठते. रजोनिवृत्तीच्या सुमारास इस्ट्रोजेन हे संप्रेरक कमी झाल्याने पुढील काही वर्षे ती वेगाने घटते. हाडे सच्छिद्र व ठिसूळ होतात. हाच ऑस्टिओपोरोसिस. तो बहुधा वेदनेवाचून वाढतो. न्हाणीघरात पाय घसरून खुब्याचे हाड मोडते, तेव्हा कुठे त्याची जाणीव होते.

म्हणूनच संचय आधी व्हावयास हवा. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढ स्त्रीला रोज १००० मिलिग्रॅम कॅल्शियम आवश्यक आहे. पावलीटर दुधातून सुमारे ३०० मिलिग्रॅम मिळते. दही, ताक, नाचणीची भाकरी, तीळ व राजगिरा यांच्या नित्य सेवनाने उरलेली गरज शाकाहारातच भागू शकते. आयंबिल किंवा रसपरित्यागात दूध-दही वर्ज्य असते. पारण्यानंतर आहारातील ही उणीव आवर्जून भरून काढावी. दीर्घ तपापूर्वी वैद्यकीय सल्ला घेणे हिताचे.

कॅल्शियमच्या शोषणास ड जीवनसत्त्व लागते. त्वचेत ते कोवळ्या उन्हापेक्षा मध्यान्हीच्या सुमाराच्या उन्हात अधिक तयार होते. खिडकीच्या काचेआडच्या उन्हाचा त्यासाठी उपयोग नाही. भरभर चालणे, जिने चढणे, बेताचे वजन उचलणे यांमुळे हाडांवर भार येऊन ती बळकट राहतात. मिश्री व तंबाखू सर्वथा त्याज्य.

पंचेचाळिशीपूर्वी पाळी कायमची थांबलेल्या, शस्त्रक्रियेत दोन्ही अंडाशय काढलेल्या अथवा दीर्घकाळ स्टेरॉइड घेणाऱ्या भगिनींनी डॉक्टरांकडून हाडांची तपासणी करून घ्यावी. गोळ्याही त्यांच्याच सल्ल्याने घ्याव्यात.

लेकीच्या लग्नासाठी माता तोळा-तोळा सोने जमविते. तिच्या हातात रोज दुधाचा एक पेला द्यावा आणि दुसरा स्वतःसाठी भरावा. हे धन उतारवयात दोघींनाही आपल्या पायांवर उभे ठेवील.