दांडी वर, दुखणं बुडाशी
(परसवाडा येथील उन्हाळी व्याख्यानमालेतील व्याख्यानाचे शब्दांकन)

रेडिओलहरी म्हणजे काय, हे तुम्ही शाळेत शिकला आहात. त्यात वेळ घालवत नाही. आज एकच गोष्ट पटवायला आलो आहे. गाडीच्या रेडिओत खरखर सुरू झाली की लगेच अँटेनाची दांडी बदलू नका, आधी तिच्या बुडाचा बोल्ट उघडा.

१०० मेगाहर्ट्झच्या एफएम लहरीची लांबी ३ मीटर. तिचा चौथा हिस्सा पाऊण मीटर. जुन्या गाड्यांवरची उभी दांडी साधारण तेवढीच असते. पण ती अर्धी अँटेना झाली. उरलेली अर्धी म्हणजे गाडीचा पत्रा. दांडीच्या केबलची तांब्याची जाळी बुडाशी पत्र्याला नीट टेकली नाही, तर अँटेना अधू होते आणि इंजिनाचा गोंगाट रेडिओत शिरतो. पेट्रोल गाडीत प्लगची टकटक; आणि डिझेल असो की पेट्रोल, अल्टरनेटरची शीळ. ॲक्सिलरेटर दाबला की ती चढते.

(मागून आवाज : “आता सगळे मोबाइलवर गाणी ऐकतात!” हशा.)

बरं झालं विचारलंत. कान्हाचं मुक्की गेट आपल्याच जिल्ह्यात आहे. जंगलात मोबाइलला रेंज नसेल तिथे वनखात्याच्या जीपला वायरलेसचाच आधार. वणवा पेटला, जनावर जखमी दिसलं, तर निरोप दांडीतूनच जाणार. सांधा गंजला की ऐकूही कमी येतं आणि पाठवलेला निरोपही लांब पोचत नाही. म्हणून मी याला किरकोळ दुरुस्ती मानत नाही.

आता गंज का चढतो? तांबं तर मलाजखंडच्या खाणीमुळे आपल्या घरचं. ते लोखंडाला टेकलं आणि मध्ये पाणी शिरलं की तिथे छोटी बॅटरीच तयार होते, आणि झिजतं ते लोखंड. उन्हानं बुडाचं रबर तडकतं, पहिल्या पावसातच पाणी आत जातं.

यावरून रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्ही आठवतो. ब्रिटिश आरमाराच्या लाकडी जहाजांना खालून तांब्याचा पत्रा ठोकत. समुद्राचं पाणी त्या पत्र्याला खाई. १८२४ साली डेव्हीनं त्याला जस्ताचे आणि लोखंडाचे तुकडे जोडले. तुकडे झिजले, तांबं शाबूत राहिलं. पण तांबं झिजेना, तशी शेवाळं आणि शिंपले पत्र्यावर वाढले आणि जहाजांचा वेग मंदावला. कारण झिजणाऱ्या तांब्याचं विषच त्यांना दूर ठेवत होतं. एवढं सांगायचं कारण असं की, झीज कुणी सोसायची हे ठरवणं आपल्या हाती असतं. बोल्टावर जस्ताचा मुलामा देतात तो त्यासाठीच. आधी जस्त झिजतं.

(कार्यवाहांची चिठ्ठी.)

वेळ संपत आला म्हणतात, तर कृती सांगतो. बॅटरीची निगेटिव्ह तार काढा. बुडाखालचा रंग आणि गंज पॉलिश पेपरनं घासून पत्रा चकचकीत करा. जाळीला कल्हई केलेली टिकली लावा. म्हणजे तांबं आणि लोखंड थेट भिडत नाहीत. दातेरी वायसर घालून बोल्ट आवळा. मग वरून ग्रीस चोपडा, उघडा राहिलेला पत्रा रंगवा, तडकलेलं रबर बदला. शेवटी बॅटरीची निगेटिव्ह तार परत जोडा आणि ओहमवर ठेवलेल्या मल्टिमीटरची एक तार बुडाच्या धातूला, दुसरी बॅटरीच्या निगेटिव्ह टोकाला लावा. दोन्ही तारा एकमेकींना टेकवल्यावर येतो, जवळजवळ तेवढाच आकडा यायला हवा.

(पुढच्या रांगेतून : “आम्ही अर्थिंग तपासतोच, साहेब!”)

तपासता, मला ठाऊक आहे. गॅरेजवाल्यांवर माझा आरोपच नाही. गिऱ्हाईक नव्या दांडीचे पैसे हसत देतं आणि बोल्ट उघडून घासायची मजुरी म्हटली की हुज्जत घालतं. माझं मागणं त्या गिऱ्हाइकाकडे आहे. मृग लागायच्या आत गाडी गॅरेजात न्या, बोल्ट उघडायला सांगा आणि त्या घासण्याची मजुरी कुरकुर न करता द्या.