मंग काय झालं, सर?



१२ जानेवारीचा जिजाऊ जन्मोत्सव नुकताच झाला. आत्ता या संमेलनातल्या तुमच्या नाटकातही तलवारी परजल्या, टाळ्या कडाडल्या. मला मात्र बोलायचंय ते वाचायला उभं केलं की मान खाली घालणाऱ्या मुलांबद्दल.

अशा दहा वर्षांच्या मुलाला आपण पहिलीचं पुस्तक देतो. त्याला लाज वाटते आणि त्या पाठात पुढे काय होणार याची उत्सुकताही नसते. शिक्षक असताना अशा मुलांना मी जिजाऊंचे वडील लखुजीराव जाधव यांची हकीकत सांगायचो. जुलै १६२९. निजामशहानं लखुजीरावांना दौलताबादेस दरबारी बोलावलं आणि अचलोजी, राघोजी हे मुलगे व नातू यशवंतराव यांच्यासह मारलं. एवढं सांगून मी थांबायचो. पोरं विचारायची, "सर, त्यायले काहून मारलं?" उत्तर न देता मी ठळक अक्षरांतला एक कागद पुढे करायचो. मग जोडाक्षराला अडणारा मुलगाही 'विश्वासघात' फोडून फोडून वाचायचा, कारण उत्तर त्या कागदात होतं. 'दौलताबाद' त्याला जड जायचं नाही. ते नाव कानावरून गेलेलं असायचं.

गोष्टीनं अक्षरओळख आपोआप होत नाही, रोजचा सराव लागतोच. पण कंटाळलेलं पोर त्या सरावाला बसतं ते गोष्टीपायी.

आता पुढचं. शिवराय शिवनेरीवर जन्मले १९ फेब्रुवारी १६३० रोजी. या दोन तारखा फळ्यावर शेजारी लिहा आणि मधला काळ मोजायला सांगा. पुरते सात महिनेही नाहीत! बाप-भाऊ मारले गेले तेव्हा शिवराय जिजाऊंच्या पोटात होते, हे मुलं स्वतः शोधून काढतात. मग दुसरं पुस्तक ती आपणहून मागतात.

गुरुजनहो, लखुजीरावांचा राजवाडा, त्यांची समाधी, पुतळा बारव, मोती तलाव हे सगळं इथे सिंदखेडराजात, आपल्या उंबऱ्याशी आहे. मुलांना वही देऊन तिथे न्या. पाहिलेलं प्रत्येकानं चार ओळींत लिहावं. ती पानं शिवून ग्रंथालयात ठेवा. पुढच्या वर्षीची मुलं ती वाचतील.

पालकांनो, रात्री जेवणं झाली की लेकराला दहा मिनिटं वाचू द्या. प्रत्येक चुकीला टोकू नका. तुम्हाला स्वतःला वाचता येत नसलं तरी चालेल, ऐका आणि "मंग काय झालं?" एवढं विचारा.

आणि बालमित्रांनो, पुढच्या संमेलनात माझ्याकडून एक बक्षीस राहील. सर्वांत अवघड प्रश्न विचारून त्याचं उत्तर पुस्तकातून शोधणाऱ्याला ते मिळेल. अडखळत वाचणाऱ्यांनीही नावं द्यायची!