रोहिणीचे पाणी आणि अंबेचा काठ
(डोलवी येथे वर्षावास समाप्तीच्या कार्यक्रमात झालेले भाषण)



 आजचा विषय कळला तेव्हा मंडळातल्याच काही जणांनी विचारले, "धम्माच्या व्यासपीठावर खाडी, कातकरीवाडी आणि परप्रांतीय मजूर यांचे काय काम?" प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर आपल्याच ग्रंथात आहे.

सिद्धार्थाने गृहत्याग का केला? म्हातारा, रोगी आणि प्रेत पाहून, असे आपण लहानपणी ऐकले. बाबासाहेबांना हे कारण पटले नाही. १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात त्यांनी वेगळी हकीकत मांडली आहे. शाक्य आणि कोलीय यांच्यामधून रोहिणी नदी वाहत होती. पाणी आधी कोणी घ्यायचे यावरून तंटा झाला, मारामारी झाली, आणि शाक्य संघाने युद्धाचा ठराव आणला. सिद्धार्थाने विरोध केला. दोन्ही बाजूंनी दोन दोन माणसे निवडावीत, त्या चौघांनी पाचवा निवडावा आणि पाच जणांनी तंटा मिटवावा, अशी त्याची सूचना होती. बहुमताने ती फेटाळली गेली. सैन्यात यायला त्याने नकार दिला, तेव्हा त्याच्या घरच्यांवर बहिष्कार आणि जमीनजप्ती येईल असा धाक घातला गेला. घरच्यांना ही शिक्षा होऊ नये म्हणून त्याने परिव्राजक होऊन देशत्याग पत्करला.

बंधूंनो, यात किती गोष्टी आहेत पाहा. नदीच्या पाण्याचा तंटा आहे. जमीन जाण्याचे भय आहे. बहिष्कार आहे. आणि शेवटी घर सोडून परमुलखात चाललेला एक तरुण आहे. आपल्या धम्माची वाट नदीकाठच्या भांडणातून निघाली, असे बाबासाहेबांनी लिहून ठेवले. मग अंबा नदीच्या काठी बसून आपण पाण्याविषयी बोलू नये, असे कोण म्हणेल?

पुढे भगवंतांनी भिक्षूंना पावसाळ्यात एका ठिकाणी राहण्यास सांगितले. लोकांची तक्रार होती की, पावसात फिरणारे भिक्षू हिरवे अंकुर आणि बारीक जीव तुडवतात. हिरवळीवर आणि पाण्यात घाण करू नये, असाही विनयाचा नियम आहे. आज आपण ज्या वर्षावासाची समाप्ती करीत आहोत त्याच्या मुळाशी शेताचे रोप जपण्याची ही काळजी आहे.

आता आपल्या भागाकडे येऊ. डोलवी हे अंबा नदी आणि धरमतर खाडीच्या काठचे गाव. पेण तालुक्याचा हा सारा खारपट्टा माणसाने हाताने केलेला आहे. खाडीला बांध घातला, उघाडी बसवली, पावसाच्या पाण्याने मीठ धुऊन काढले, तेव्हा कुठे भात पिकला. बांधाच्या आत ज्यांची शेते, त्या सर्वांनी मिळून बांध राखायचा, ही 'जोळ' नावाची जुनी रीत. उधाणाला खांड गेली की रात्री कंदील घेऊन माणसे चिखलात उतरत. खाडीचे पाणी आत येताना कोणाची जात विचारीत नाही.

जात विचारली जाते ती पाणी ओसरल्यावर. पंचनामा होतो, भरपाई येते, ती सातबारावरच्या नावाला येते. पण ज्याने बांधावर माती टाकली, ज्या बाईने भात लावला, जो कोळी खाडीत जाळे टाकून जगतो, जो कातकरी चिंबोऱ्या धरतो, त्याचे नाव सातबारावर कुठे आहे? या जिल्ह्यात आपल्या वाडवडिलांनी खोतांच्या जमिनी कसल्या. चरीच्या शेतकऱ्यांनी १९३३ साली संप केला. नारायण नागू पाटलांच्या त्या लढ्याला बाबासाहेब पाठीशी उभे राहिले आणि १९३७ साली त्यांनी कायदेमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक आणले. तो लढा आगरी, कुणबी, महार अशा सर्व कुळांचा होता. पुढे कुळांना हक्क मिळाले, पण जो कूळही नव्हता, निव्वळ मजूर होता, तो तसाच राहिला.

पेण तालुक्यातील बावीस गावांत विशेष आर्थिक क्षेत्रावर २१ सप्टेंबर २००८ रोजी शेतकऱ्यांचे जनमत घेण्यात आले, हे आपल्याला आठवत असेल. एन. डी. पाटील यांच्यासारखे ज्येष्ठ नेते त्या लढ्यात होते. जमिनी वाचल्या, ही मोठी गोष्ट झाली. मात्र ज्याला जमीनच नाही त्याच्या मतासाठी वेगळी पेटी कधी कोणी ठेवीत नाही.

विद्यार्थ्यांनी एक लक्षात ठेवावे. २०१३ च्या भूसंपादन कायद्याने प्रथमच शेतमजूर, वनोपज गोळा करणारे आणि मच्छीमार यांनाही बाधित कुटुंबे मानले. मोठ्या प्रकल्पाला पर्यावरण मंजुरी देण्याआधी जी जनसुनावणी होते, तिची सूचना किमान तीस दिवस आधी द्यावी लागते. अहवालाचा सारांश लोकांच्या भाषेत मिळावा लागतो. तिथे बोलायला सातबारा लागत नाही. पण आपण किती जण गेलो? गेलो तेव्हा नोकरीचा अर्ज हातात घेऊन गेलो, की पाण्याचा प्रश्न घेऊन?

हे आम्ही दुसऱ्याला दोष देण्यासाठी बोलत नाही. गेल्या शतकाच्या नव्वदीत इथे मोठा पोलाद कारखाना उभा राहिला. आपली मुले त्यात कामाला आहेत. अनेक घरांची चूल त्या पगारावर पेटते. आजच्या या मंडपाच्या वर्गणीतही तो पगार आहे. कारखाना नको, असे आमचे म्हणणे नाही. पगार घेतला म्हणून पाण्याविषयी बोलण्याचा हक्क विकला असे मात्र होत नाही. पोटासाठी गप्प बसणे म्हणजे काय, हे आपल्या आजोबा-पणजोबांनी भोगलेले आहे.

आता कातकरीवाडीविषयी. काथ पाडणारा म्हणून कातकरी. जंगलावर सरकारी बंधने आली आणि त्याचा धंदा गेला. दिवाळीनंतर उचल घेऊन वीटभट्टीवर, कोळसाभट्टीवर जायचे, पावसाआधी परत यायचे, असे त्याचे वर्ष. मुलाची शाळा तिथेच सुटते. अनेक वाड्या पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याच्या मालकीच्या जमिनीवर आहेत. जमिनीचा भाव वाढला की पहिले कुंपण त्यांच्या झोपड्यांभोवती पडते. याच समाजातील नाग्या महादू कातकरी १९३० साली चिरनेरच्या जंगल सत्याग्रहात हुतात्मा झाला. आपल्या जयंतीच्या मिरवणुकीला कातकरीवाडीचे निमंत्रण आपण किती वर्षांत दिले? आपल्या मनातही त्यांच्याविषयी थोडी उच्चनीचता आहे, हे कबूल केलेले बरे.

आणि परप्रांतीय मजूर. बिहार, झारखंड, ओडिशाकडून आलेली ही माणसे एकेका खोलीत दहा दहा राहतात. "यांनी आमची कामे घेतली," असे आपली मुले म्हणतात. स्थानिकांना काम मिळावे, ही मागणी न्याय्य आहे. पण ती ठेकेदाराकडे करावयाची आहे. स्वस्तात राबणाऱ्यावर राग काढून आपली मजुरी वाढत नाही.

आपण स्वतः कोण होतो? कोकणातून बोटीने मुंबईला गेलेले परदेशीच. गिरणीच्या विणकाम खात्यात आपल्याला घेत नसत. गोदीत, रेल्वेत, नगरपालिकेच्या सफाईत आपण राबलो. चाळीच्या एका खोलीत गावचे वीस जण राहिले आणि त्या खोल्यांतच आपली मंडळे जन्मली. आजारी माणसाला गावी पोचवायचे, मयताचा खर्च करायचा, यासाठी चार आणे वर्गणी काढली गेली. हे मंडळ त्याच परंपरेतले आहे. ज्यांनी परक्या शहरात एकमेकांना धरून ठेवले, त्यांच्या वारसांनी दाराशी आलेल्या परक्याला ओळखू नये, हे बरे दिसत नाही.

दुसऱ्या धर्माच्या लोकांकडूनही शिकण्यासारखे आहे. महाडला १९२७ च्या डिसेंबरात परिषदेच्या मंडपाला कोणी जागा देईना, तेव्हा फत्तेखान नावाच्या मुस्लिम गृहस्थाने ती दिली. वसईत फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी हिरवी वसई आणि तिचे पाणी वाचविण्यासाठी लोकांना रस्त्यावर आणले. २०२० च्या टाळेबंदीत यवतमाळ जिल्ह्यात करंजीजवळ शीख बांधवांच्या लंगराने हमरस्त्यावरून पायी जाणाऱ्या लाखो मजुरांना जेवू घातले. थायलंडमध्ये भिक्षूंनी जंगलातील झाडांना चीवर गुंडाळले. चीवर ल्यालेल्या झाडावर कुऱ्हाड चालविताना माणसाचा हात अडखळतो. यांतल्या कोणीही समोरच्याला त्याचा धर्म विचारला नाही.

म्हणून मंडळापुढे तीन कामे ठेवतो. पहिले, जनसुनावणीची सूचना लागताच तिचा मराठी सारांश विहारात मोठ्याने वाचला जावा आणि कोळी, आगरी, कातकरी सर्वांना त्या दिवशी बोलावले जावे. दुसरे, आपल्या शिकलेल्या मुलामुलींनी एका कातकरीवाडीचे जातीचे दाखले, वनहक्काचे दावे आणि शाळेतील नावे यांचे काम वर्षभर अंगावर घ्यावे. तिसरे, रविवारी दोन तास विहार परप्रांतीय मजुरांसाठी उघडा असावा. शिधापत्रिकेचे धान्य इथे कसे उचलायचे, मजुरी बुडाली तर अर्ज कुठे करायचा, एवढे सांगितले तरी पुष्कळ झाले. याला फार पैसा लागत नाही.

सिद्धार्थाची सूचना त्या दिवशी संघात हरली. पुढे शाक्य-कोलीयांचा तंटा मिटला, ही बातमी त्याला वाटेत मिळाली, तरी तो घरी परतला नाही. एक तंटा मिटला तरी माणसामाणसांतला कलह संपलेला नाही, हे त्याने ओळखले होते. आपली सूचनाही कदाचित पहिल्या सभेत हरेल. ती पुन्हा मांडावी लागेल.



जय भीम! नमो बुद्धाय!